आतलं बघणारे आपटे डॉक्टर

आमच्या शेजारच्या पडवीत दोरीवर धोतरांच्या जोडीला माणसांची हाडं वाळत असत. कुणाची बरगडी, कुणाचं कोपर. संध्याकाळी मागे कंदील लागला की ती उजळायची आणि वाऱ्यावर हलायची. समुद्रावरून परतणारे लोक तेवढ्या जागी झपाझप पावलं उचलत.

दोरी आपटे डॉक्टरांची. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत ते मुंबई सोडून आमच्या बंदराच्या गावात आले, ते एक्स-रेचं यंत्र आणि ते चालवणारं इंजिन घेऊनच. हरिहरेश्वरापासून माणगावापर्यंत दुसरं यंत्र नव्हतं. माणूस एकटा, बायको नाही, पोर नाही. तोंडी एकच पालुपद, "बघू आतलं!" फणस दिला तरी थोपटून "बघू आतलं!" माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "मास्तर, हा वरवरचा. आतला आहे का?" एकदा चक्क सरंग्याचा फोटो काढून दोरीला लावला. तो विकणारी हौसाबाई कोळीण किंचाळली, "अरं देवा, डाक्टरानं माशाचं भूत केलं!"

बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. नजर खांद्यावर नाहीतर गुडघ्यावर. फोटोंशी मात्र गप्पा. "काय, झोप लागली का?" असं विचारून थांबायचे, ऐकल्यासारखी मान हलवायचे आणि पुढच्या फोटोकडे वळायचे. आमच्या स्वयंपाकघरात ते ऐकू आलं की आई देवापुढे उदबत्ती लावायची.

हौसाबाईची हिरा माझ्या शाळेत होती. तिच्या गुडघ्याच्या वर सूज आली. होडीची कड लागली असेल म्हणून हौसाबाईने तेल चोळलं. भगताने सांगितलं, बुडून मेलेल्या बाईचा हात लागलाय. सूज वाढतच चालली, तेव्हा मीच मायलेकींना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी ओला फोटो खिडकीपुढे धरला. मांडीच्या हाडाची खालची कड वाळवीने खाल्ल्यासारखी होती. तिथून बाहेर मांसात बारीक पांढऱ्या रेघा फुटल्या होत्या, उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या. दिसायला सुंदर होत्या. मला त्याचीच भीती वाटली.

"हे लागल्याचं नाही. हाडातच उगवलंय," ते मला हळूच म्हणाले. लगेच छातीचाही फोटो काढला, कारण हाडाचा कॅन्सर फुप्फुसात शिरतो. छाती स्वच्छ निघाली. तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी हिराच्या तोंडाकडे नीट बघितलं.

डॉक्टर आणि मी मायलेकींना घेऊन मुंबईला गेलो. तिथल्या मोठ्या इस्पितळात हाडाचा तुकडा तपासला. तोच रोग. पाय मांडीपासून काढायचा ठरला.

"पाय न्हाय तर पोरीला बायकू कोन करल?" हौसाबाईने हंबरडा फोडला.

"पाय ठेवला तर पोरच राहणार नाही, बाई," आपटे डॉक्टर म्हणाले.

मग हिरानेच विचारलं, "काढलेला पाय कुठं टाकतील?"

डॉक्टर म्हणाले, "टाकणार नाहीत. मी घरी नेतो."

आणि नेला. हौसाबाई हिराजवळ राहिली. बोटीवर आम्ही दोघंच. लाकडी पेटी त्यांनी हमालाला दिली नाही, मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "सुरमई वाटतं?"

"नाही. आमच्या पोरीचा पाय."

आमच्या भोवतालची बाकं रिकामी झाली. मला हसू आवरेना. डॉक्टर मात्र पेटीवर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून बसले होते.

सुरूच्या बनापलीकडे, भरतीचं पाणी पोचत नाही अशा जागी त्यांनी तो पुरला.

पुढे अधूनमधून हिराच्या छातीचा फोटो निघायचा. डॉक्टर तो दोनदोनदा उजेडाला धरायचे. फोटो स्वच्छच येत राहिले. कुबड्यांची सवय झाल्यावर एक दिवस ती म्हणाली, "मला माझा पाय दाखवा." आम्ही तिघं वाळू तुडवत गेलो. त्या जागी अनंताची ताजी फुलं होती.

हिराला धाप लागली होती. "एवढ्या लांब पुरला? मी रोज कशी येऊ?"

"तू कशाला?" डॉक्टर वाळूकडे बघत म्हणाले. "मी येतो ना रोज."