कन्फर्म तिकिटांनी हरलेलं युद्ध

युद्ध शौर्यावर जिंकलं जातं, असं शाळेत शिकवतात. शाळेचं बरं असतं, तिला परतीचं तिकीट काढावं लागत नाही. रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावात (नाव सांगण्यास तहाने मनाई आहे) यंदाच्या शिमग्यात वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यात जे युद्ध झालं, त्याचा निकाल रेल्वेच्या आरक्षणाने लावला. निकाल संपूर्ण निःपक्षपाती होता, हे कबूल केलंच पाहिजे.

कारण पवित्र होतं. देवीची पालखी आधी कुठल्या वाडीत जाणार? दोन्ही सैन्यं मुंबईहून आली होती, कारण गावात राहणाऱ्यांना लढायला वेळ नसतो. युद्ध अकरा मिनिटं चाललं. एकूण हानी: छत्री एक (शिमग्यात ती कोणी आणि कशाला आणली, हे चौकशीत उघड झालं नाही), मोबाइलच्या काचा दोन, बाबल्या नावाच्या एका सैनिकाचा गुडघा (पळताना). बाराव्या मिनिटाला खालच्या वाडीचा सेनापती महेंद्र याने घड्याळ बघितलं. चारची गाडी होती आणि अख्ख्या सैन्याची तिकिटं कन्फर्म होती. कन्फर्म तिकीट सोडून रणांगणावर थांबण्याचा मूर्खपणा कोकणी माणसाच्या हातून आजवर झालेला नाही. सैन्य रिक्षात बसलं. वरच्या वाडीची तिकिटं वेटिंगवर होती. बिचारे जाऊ शकत नव्हते, म्हणून जिंकले.

पुढचे चार दिवस जेते गावात रिकामेच होते, म्हणून तह झाला. मसुदा वरच्या वाडीच्या राजेंद्रभाऊंचा. ते मिरजोळ्याच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे तीन प्रतींशिवाय त्यांना चैन पडत नाही. कलमं अशी: युद्ध आपणच सुरू केलं, हे खालच्या वाडीने स्वखुशीने मान्य करावं. पुढची पंधरा वर्षं पालखी खालच्या वाडीवरून जाईल, थांबणार नाही. ढोल, ताशा आणि क्रिकेटची एक बॅट (मूठ सैल) निःशस्त्रीकरणापोटी शाळेच्या कपाटात जमा करावी. एसटीच्या थांब्यावर जाणारी पाखाडी वरच्या वाडीतून जाते, सबब तिच्या पायऱ्यांवर पाय ठेवू नये; सड्याच्या माळावरून वळसा घालावा, साडेतीन किलोमीटर पडतात, हवा चांगली असते. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिननी लिहावं, आणि ॲडमिन वरच्या वाडीचेच असावेत. नववं कलम: दोन्ही वाड्यांत जाणंयेणं बंद, लेकीसुना धरून. दहावं: शांतता झाल्याबद्दल आनंद व्यक्त करावा.

सही कोणी करायची? पराभूत राष्ट्राचे पुरुष तोवर मुंबईत ड्युटीवर हजर झाले होते. उरले सहदेवआजोबा, वय ब्याऐंशी, दोन्ही कान निकामी. त्यांच्या खांद्यावर शाल घातली. आपला सत्कार आहे असं समजून त्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली आणि आभाराचे दोन शब्दही बोलले.

खालच्या वाडीची तुळसा तिथे चहा द्यायला आली होती. नववं कलम ऐकलं आणि तिने कपांचा ट्रे खाली ठेवला. तिची एकुलती लेक रसिका वरच्या वाडीत दिलेली, आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत तहापेक्षा जुनी. माहेर दोनशे पावलांवर.

“भावोजी, माजी रसिका खाली कशी येनार?”

“वैनी, तहात बसत नाय,” राजेंद्रभाऊ हळहळून म्हणाले. “अर्ज करा.”

अर्ज फक्त ग्रुपवर स्वीकारला जाई. ग्रुपवर तुळसाला लिहायची बंदी होती. व्यवस्थेत दोष म्हणून काढायला जागा नव्हती.

तिने मुंबईला फोन लावला. महेंद्र गरजला, “काकी, झुकायचं नाय! पुढच्या शिमग्याला बघतो एकेकाला. साठ दिवस आधी बुकिंग उघडतं.” चार दिवसांनी जावईही मुंबईला पोचला, तेव्हा त्याला लावला. जावई ऋत्विक म्हणजेच वरच्या वाडीचा सेनापती. “आई, माझ्या हातात असतं तर... पण वाडीच्या इज्जतीचा प्रश्न हाय.” महेंद्र आणि ऋत्विक मुंबईत एकाच खोलीत राहतात आणि एकाच डब्यात जेवतात. वाडीचा प्रश्न खोलीत आणायचा नाही, एवढं शहाणपण दोघांनाही आहे.

तुळसा रोज अंगणात उभी राहून वरच्या वाडीकडे बघत राही. पोरीचे पाय सुजलेत, सासू हौसा संधिवाताने वाकलेली, नवरा मुंबईत. तिचा जीव नुसता तुटत होता, आणि त्यासाठी तहात तरतूद नव्हती.

नववा महिना लागला. एका भर दुपारी वरून हौसाची हाक आली, “विहीणबाय, पोरीला कळा लागल्यात गो! धाव!” (हाक मारण्यास मनाई करायची राहून गेली होती.) तुळसा धावली, पाखाडीनेच. अडवणार कोण? जेत्यांची वेटिंगची तिकिटं केव्हाच कन्फर्म झाली होती आणि विजयी राष्ट्रातल्या अकरा घरांना कुलपं होती. सरहद्द राखायला राजेंद्रभाऊ तेवढे उरलेले. ते प्रत घेऊन वाटेत उभे राहिले.

“वैनी, नववं कलम...”

“चुलीत घाला तुमचं कलम! बाजूला व्हा, नायतर पोरीचा दुसरा हात धरा!”

भाऊंनी प्रत खिशात घातली आणि ते तिच्यामागोमाग गेले. हौसासकट तिघांनी मिळून रसिकाला धरत, बसवत, पुन्हा उठवत रस्त्यापर्यंत नेलं. तिथून रिक्षाने दवाखान्यात. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

त्याच संध्याकाळी राजेंद्रभाऊंनी कर्तव्य म्हणून ग्रुपवर तहभंगाची नोंद टाकली. वरच्या वाडीच्या मुंबई मंडळाने तुळसाचा जाहीर निषेध केला: शत्रूने हद्द ओलांडली. खालच्या वाडीच्या मंडळाने आपल्या वेगळ्या ग्रुपवर तिचा त्याहून कडक निषेध केला: शत्रूच्या दारात जाऊन बाईने वाडीचं नाक कापलं. दोन्ही निषेध एकाच खोलीत लिहिले गेले.

तुळसाने यातलं काही वाचलं नाही. ती नातीला मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत होती, आनंदानेच.

निषेधांना मिळून तीनशे बारा अंगठे आले. गावात राहणाऱ्याचा त्यात एकही नव्हता. सगळे लांबचे, चांगल्या घरचे, पाखाडीला पायऱ्या किती हेही ठाऊक नसलेले. त्यांना हसू नका. जरा आपला फोन काढा आणि परवा जेवता जेवता तुम्ही कुठल्या लढाईला अंगठा दिलात, ते बघा.