नोंद नसलेला बिबट्या

एका जंगलात, बाळांनो, पाणवठा एकच होता आणि कार्यालयं मात्र सतरा होती.

पाणवठा एक, म्हणून पाळीपत्रक होतं. सकाळी ससे, हरणं, भेकरं. सूर्य बुडाल्यावर बिबट्या. पत्रक पाळलं की सगळ्यांना पाणी मिळे आणि कोणी कोणाला खात नसे. निदान पाण्यावर तरी.

हे पत्रक त्यातल्या एका कार्यालयाच्या संगणकात असे. एकदा बाहेरून एक विषारी फाइल आली आणि तिने पत्रकाची उलथापालथ केली. त्या आठवड्यात दोन ससे पाण्यावर गेले ते परत आलेच नाहीत. कार्यालयाने तीव्र दुःख व्यक्त केलं आणि एक नवी आज्ञावली आणली.

ही आज्ञावली फार कमी बोलायची. चित्र नाही, बटण नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तिला फाइल दाखवली की ती फाइलचा ठसा घ्यायची, चौसष्ट अक्षरांचा. मग तो ठसा दूरच्या डोंगरावरच्या महावहीत शोधायची. आजवर पकडलेल्या विषारी फाइलींचे ठसे त्या वहीत होते. उत्तर एका ओळीत येई. 'विषारी म्हणून नोंद आहे.' नाहीतर, 'नोंद नाही.'

टंकताना एक अक्षर चुकलं तरी ती म्हणे, 'आज्ञा समजली नाही.' म्हणून सगळे तिला घाबरत. कार्यालयात ज्याला घाबरतात, त्याच्यावर विश्वासही ठेवतात.

ती चालवायला एक साळिंदर होती. तिला सगळे काटेताई म्हणत. तिच्या वर तरससाहेब. रोजच्या अहवालाचा तक्ता साहेबांनी स्वतः आखला होता. त्यात रकाने दोन: 'विषारी' आणि 'सुरक्षित'.

"साहेब, 'नोंद नाही' कुठे लिहू?" काटेताईने पहिल्याच दिवशी विचारलं.

"सुरक्षितमध्ये."

"पण नोंद नाही म्हणजे सुरक्षित नव्हे. नोंद नाही म्हणजे आपल्याला ठाऊक नाही."

तरससाहेब हसले. तरस हसतातच. "बाई, 'आपल्याला ठाऊक नाही' असा रकाना कोणत्या सरकारी तक्त्यात पाहिलाय तुम्ही?"

काटेताईने पाहिला नव्हता. तुम्हीही पाहिला नसेल.

पुढे एकदा बिबट्याने कार्यालयाला एक फाइल पाठवली. नाव होतं 'पाणवठा सुशोभीकरण'. आज्ञावली म्हणाली, 'विषारी म्हणून नोंद आहे.' काटेताईने फाइल परत पाठवली.

बिबट्याने फाइलच्या शेवटी एक टिंब वाढवलं. एकच. आणि पुन्हा पाठवली.

आता, बाळांनो, ठशाची गंमत अशी की फाइलमध्ये टिंब जरी बदललं तरी चौसष्ट अक्षरांचा अख्खा ठसाच नवा येतो. महावहीला हा ठसा कुठून माहीत असणार? उत्तर आलं, 'नोंद नाही.'

"साहेब, ही तीच फाइल आहे! मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. शेवटी टिंब आहे, बाकी सगळं तेच."

"कशाने पाहिल्या?"

"डोळ्यांनी."

"डोळ्यांना महावहीची मान्यता आहे?"

नव्हती. साहेबांनी फाइल उघडली. पडदा लुकलुकला. नवं पाळीपत्रक तयार झालं आणि कार्यालयासमोरच्या वडावर लागलंही. सकाळी साडेसहा, भेकरकाकू. त्याच ओळीत, सकाळी साडेसहा, बिबट्या.

काटेताई धावत भेकरकाकूंकडे गेली. "काकू, उद्या जाऊ नका."

"न जाऊन कसं चालेल गं? पाळी चुकली की पुढची तीन दिवसांनी. घसा बघ, सुकून लाकूड झालाय."

"बिबट्या येणार आहे."

"अगं, पण पत्रकावर 'सुरक्षित' असा शिक्का आहे ना?"

"आहे."

"मग?"

काटेताईने पंजाने माती उकरली. "बरं. मीही येते," ती म्हणाली.

साळिंदरांची सकाळ झोपेत जाते. त्या दिवशी काटेताई साडेसहाला पाणवठ्याच्या वाटेवर झुडपांकडे पाठ करून उभी होती, सगळे काटे ताठ. समोर भेकरकाकू घटाघट पाणी पीत होत्या. झुडपातून बिबट्या झेपावला आणि त्याचं नाक थेट काट्यांवर आलं. त्याची आरोळी सतराही कार्यालयांत ऐकू गेली. काकू पोटभर पाणी पिऊन घरी गेल्या.

चौकशी बसली. साहेबांनी बिबट्याच्या नाकातले काटे मोजले: अकरा. एवढा ढळढळीत पुरावा त्या कार्यालयाला आजवर मिळाला नव्हता.

"बिबट्याबद्दल काही नोंद?" साहेबांनी विचारलं.

"नाही," काटेताई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे.

"म्हणजे सुरक्षित. आणि बाई, तुमची?"

तिचीही नव्हती. साहेबांनी त्याच दिवशी ती करून घेतली. त्या जंगलातून महावहीत गेलेली ती पहिलीच नोंद: 'साळिंदर. विषारी.' टिंबवाल्या फाइलचा ठसा पाठवायचा मात्र राहूनच गेला. काटेताईच्या खुर्चीत आता नाकाला पट्टी बांधलेला बिबट्या बसतो. पाळीपत्रक तोच लावतो. भेकरकाकूंची पाळी पुन्हा साडेसहाला आहे.

तात्पर्य: बाळांनो, समोर बिबट्या दिसला तर घाबरू नका, आधी त्याची नोंद आहे का ते विचारा. नसेल तर खुशाल पाणी प्या. भ्यायचंच असेल तर "हा बिबट्या आहे" असं सांगणाऱ्याला भ्या. त्याची नोंद हमखास सापडेल.