डोंगरी कोल्ह्यांचा गुरुवार

एका जंगलात, मुलांनो, शेळ्या नव्हत्या. सात हजार नव्हत्या. खाली नदीकाठी कोल्हे राहत आणि वर डोंगरावर या सात हजार शेळ्या नव्हत्या.

कायद्याच्या पोथीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'या जंगलात सगळे कोल्हे आहेत.' मग डोंगरावर ते कोण? ते डोंगरी कोल्हे. शिंगं? ती थंडीने आली. दाढी? आळस. आणि बें बें करतात ते? तो घशाचा आजार. त्यावर चौकीत औषध मिळायचं. त्याचे वळ महिनाभर राहायचे. (हे जरा हळू वाचा. खिडकी लावून घेतली तरी चालेल.)

त्याच डोंगरावर भुरकी राहायची. स्वभावाने भित्री. पान पडलं तरी दचकून म्हणायची, "कोल्हाच आहे हो मी, कोल्हाच!" शाळेत कोल्हेकुईत तिचा पहिला नंबर आला होता. सरकारी वहीत तिचं नाव होतं कुईबाई. तिला तीन आठवड्यांचं एक करडू होतं, ठिपकी. वहीत तिचं नाव अजून यायचं होतं.

शेळ्यांची एक रीत होती. डोंगरावर धुकं उतरलं की प्रत्येक आई आपली हाक द्यायची. करडू फक्त आपल्या आईची हाक ओळखतं आणि त्या आवाजाच्या दिशेने येतं. दुसरा कुठला आवाज आला, त्यातून कोल्हेकुई आली, तर ते कपारीत शिरतं आणि गप्प बसतं. कपारीत दूध नसतं. धुक्यात चौकीला काही दिसायचं नाही, त्यामुळे ही रीत आजवर कशीबशी निभावली होती.

पण मग स्वातंत्र्य आलं.

त्याचं असं झालं. नदीपलीकडे तळ्याकाठच्या प्राण्यांचा एक संघ होता. तिथलं गवत सारखं कापलेलं, पाणी गोड, आणि कुंपणच नाही. कोल्ह्यांचे सरकार चाळीस वर्षं त्या संघात घ्या म्हणून अर्ज करत होते. शेवटी संघाने तपासणीला एक करकोचा पाठवला. तो एका पायावर उभा राहिला आणि त्याने अर्ज उघडला.

"शेळ्यांना त्यांच्या भाषेत बोलू देता का?"

"शेळ्या? कुठल्या शेळ्या?" सरकार म्हणाले.

"त्या समोर चरताहेत त्या."

"छे हो! आमचेच कोल्हे ते. डोंगरी."

"गवत खाताहेत."

"उपास आहे त्यांचा."

करकोच्याने मान हलवली. "असेल. पण माझा हा रकाना रिकामा राहतोय."

त्याच दुपारी कायदा झाला. डोंगरी कोल्ह्यांना बें करण्याचं पूर्ण स्वातंत्र्य. दर गुरुवारी, चार ते साडेचार, वडाखालच्या मंचावर, मजकूर आधी मंजूर करून घेऊन. आणि स्वातंत्र्य वेळेवर सुरू होतंय का, वेळेवर संपतंय का, हे बघायला डोंगरावर दर दहा पावलांवर एक हवालदार.

बुधवारी सकाळी धुकं उतरलं. भुरकीने मागे पाहिलं तर ठिपकी नाही.

तिने तोंड उघडलं, तोच धुक्यातून आवाज आला. "काय कुईबाई? आज वार कुठला?"

भुरकी जागच्या जागी उडाली. "साहेब, माझं लेकरू... कड्याच्या बाजूला गेलंय. एकदाच हाक मारते. अगदी हळू."

"अहो, मारा ना! कोण नको म्हणतंय? तुम्हाला स्वातंत्र्य आहे." हवालदार प्रेमाने म्हणाला. "उद्या चारला."

"तोवर ती उपाशी मरेल हो."

"मग कुई करा. कुईला कधीच बंदी नव्हती."

भुरकीने कुई केली. पहिल्या नंबराची, सुरेख. वर कुठेतरी चार खुरं टपटपली आणि कपारीत आणखी आत गेली.

गुरुवारी मंचावर चढवायला कोल्ह्यांनी भुरकीलाच निवडलं. भित्री आहे, लिहून दिलंय तेवढंच बोलेल, असा हिशेब. मजकूर सोपा होता, 'आम्ही सुखी आहोत.' समोर सरकार बसले होते, करकोचा बसला होता, शेजारी दुभाष्या कोल्हा उभा होता. धुकं अजून हटलं नव्हतं.

चार वाजले. भुरकी मंचावर चढली. तिने कागदाकडे पाहिलं. मग डोंगराकडे पाहिलं. आणि पोटाच्या तळातून हाक दिली, "ठिपकेऽऽ, मी इथं आहे गं!"

"आम्ही सुखी आहोत," दुभाष्याने भाषांतर केलं.

"ठिपके, घाबरू नकोस, ये!"

"आम्ही फारच सुखी आहोत."

करकोच्याने डोळे टिपले. "काय आर्तता आहे हो सुखात!"

भुरकी अर्धा तास हाका मारत राहिली. घसा बसला. साडेचारचा टोला पडला. हवालदार तिला मंचावरून उतरवत होता, तेवढ्यात वरून, अगदी बारीक, आवाज आला.

"बें."

भुरकीने हवालदाराच्या डोक्यावरून उडी मारली. पान पडलं तरी दचकणारी ती, पण धुक्यात, कड्यावर, एकही पाय चुकला नाही. कपारीत ठिपकी होती. भुरकीने तिला चाटलं, पाजलं, पुन्हा चाटलं. खाली उतरली तेव्हा पायथ्याशी आठ हवालदार उभे होते.

"ही बोलली," थोरला हवालदार ठिपकीकडे बोट करून म्हणाला. "चार वाजून एकतीस मिनिटांनी. मंचाबाहेर. विनापरवाना."

"तीन आठवड्यांची आहे हो ती!"

"इतक्या लहान वयात फुटीर!"

आरोपपत्र लिहायला घेतलं आणि पंचाईत झाली. आरोपी कोण, तर कोल्हा. पण कोल्ह्याने बें केलं तर गुन्हा कसला? घशाचा आजार. आजाऱ्याला तुरुंगात कसं टाकणार? सरकारांनी रात्रभर नव्हे, चांगले दोन दिवस विचार केला. शेवटी लेखणी उचलली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा सरकारी कागदावर लिहिलं, 'आरोपी: ठिपकी. जात: शेळी.'

करकोच्याने तो कागद वाचला आणि आनंदाने पंख फडफडवले. "शेळ्यांना लेखी मान्यता! कमाल केलीत!" त्याने रकान्यात खूण केली. शेरा लिहिला, 'प्रगती उत्तम. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.' आणि तो तळ्याकडे उडून गेला.

भुरकीने तुरुंगात सोबत जायची परवानगी मागितली. ती मात्र लगेच मिळाली.

तात्पर्य: मुलांनो, हरवायचंच असेल तर गुरुवारी चार ते साडेचार या वेळातच हरवा. आणि आईने हाक मारली तरी ओ देऊ नका. ओ दिली की आपण आहोत हे सिद्ध होतं.