शिळेचा कोन आणि साळूताई

एका जंगलात, बाळांनो, सिंहालासुद्धा समितीला विचारल्याशिवाय गुरगुरता येत नसे. तिथे एक मोठी शिळा होती आणि शिळेखाली सशांची वस्ती. शिळा वस्तीकडे कलते आहे, असं सशांना वाटायचं. दरबाराला मुळीच वाटत नव्हतं.

शेवटी मोजमापाचं काम साळूताईंकडे आलं. साळूताई म्हणजे साळिंदर, कामाला एकदम चोख. त्यांनी शिळेवर दोन आरसे बसवले आणि समोर चौथऱ्यावर लेसरचं यंत्र ठेवलं. यंत्रातून दोन किरण निघून आरशांवरून परत येत. शिळा केसभर कलली, तरी एका किरणाची वाट लांबे आणि यंत्रावरचा कोनाचा आकडा बदले.

आधी रीतसर उद्घाटन झालं. हत्तीने चौथऱ्यावर नारळ फोडला. लांडोरीने आरशांना हळदकुंकू लावलं. आकडा सैरभैर झाला.

“यंत्र बिघडलं वाटतं, साळूताई?” कोल्हा प्रधान म्हणाला.

“यंत्र ठणठणीत आहे, प्रधानजी. नारळाने चौथरा हलला, आरसे कुंकवाने माखले. त्यात तुम्ही सगळे इथे दाटीने उभे. हवा तापली की किरण भरकटतो. जरा लांब व्हा ना!”

“म्हणजे चूक आमची?”

दरबाराने लगेच चूकशोधक समिती नेमली. समिती यंत्राभोवतीच बसली. चहाची चूलही तिथेच पेटली.

साळूताई आरसे पुसून पहाटे, समिती येण्याआधी, आकडा बघत. तो रोज थोडा वाढलेला असे. त्या सिंहाकडे धावल्या.

“महाराज, ससे हलवा हो!”

“अहवाल येऊ दे,” सिंह म्हणाला.

अहवाल आला. हत्ती निर्दोष, चूल निर्दोष, कुंकू तर मंगलच. आकडा चुकतो तेव्हा दर वेळी साळूताई हजर असतात. सबब, त्यांना काढावं.

साळूताईंनी जाताना सवयीने आरशांवर फडकं टाकलं. किरण परत येईनात. आकडा शून्यावर गप्प बसला. दरबाराने टाळ्या वाजवल्या.

साळूताई तडक वस्तीत गेल्या. “पोरांनो, बिऱ्हाडं उचला. आत्ताच्या आत्ता!”

दुसऱ्या दिवशी दुपारी शिळा कोसळली. समिती जेवायला गेली होती, म्हणून वाचली. परत येऊन तिने लिहिलं, ‘शिळा आडवी. कोन शून्य. यंत्र कालपासून हेच सांगत होतं.’

पलीकडच्या टेकडीवर साळूताई ससे मोजत होत्या. दोनदा मोजले. एकही कमी नव्हता, आणि साळूताईंना रडू आलं.

तात्पर्य : मोजमापातली चूक काढायची असेल, तर आधी मोजणाऱ्याला काढा. आकडा लगेच वळणावर येतो. शिळेचं शिळा बघून घेईल.