एका शब्दाचे मोघे मास्तर

हिच्याबरोबर मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे जवस निवडणं. चटणीसाठी. दाना ओली या आमच्या गल्लीत, घराच्या ओट्यावर मध्ये सूप ठेवून दोघं बसलो होतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून ओरडत मोघे मास्तर आले. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट.

"वहिनी, सापडलं! लाइनचं मूळ सापडलं!"

सुपात हात घालून त्यांनी चिमूटभर जवस उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा मूळ! लॅटिनमध्ये जवस म्हणजे लीनुम. त्याच्या काडीचा दोरा काढायचे, तो लीनेआ. दोरा ताणला की सरळ रेघ. तीच इंग्रजांची लाइन!"

मी म्हटलं, "मास्तर, हात धुतले होते का?"

ही मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. मला म्हणते, "बघा, छत्तीस वर्षं तुम्ही माझ्या चटणीवरच चढत होतात!"

मी वीज खात्यात लाइनमन होतो. म्हणून ती तसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. जवस डब्यात राहिला.

मुलगी म्हणते, बाबा, आईबद्दल काहीतरी लिहा, मन हलकं होईल. ते मला जमत नाही. शाळा माझी चौथीत सुटली. पण मोघ्यांबद्दल लिहितो. रागाच्या जोरावर लिहायला शाळा लागत नाही.

हा माणूस आमच्यापासून चार घरं सोडून राहतो. लग्न केलं नाही. कोण करणार याच्याशी? जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि रिटायर झाल्यावर एक जाड वही आणली. म्हणाले, "शिर्केराव, आयुष्यभर हजारो शब्द अर्धे अर्धे शिकवले. आता एकच घेणार, पण पुरा शिकणार." शब्द कुठला, तर लाइन. म्हणजे माझा! मी ज्याच्यावर चढून पोट भरलं, तो यांनी खुर्चीत बसून वहीत कोंबायचा.

"हाच का?" मी विचारलं.

"आवडला," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून गल्लीत कुणाच्याही तोंडून लाइन निघाली की मास्तरांची पेन्सिल वर. "नोंद!" दूधवाला म्हणाला, आज लाइन लंबी है. नोंद! त्यांच्या चुलतभावाने फोनवर सांगितलं, मुलगा लाइनीवर आला. लगेच विचारणार, "आधी कुठे होता?" रेशनच्या दुकानात एक पैलवान मध्ये घुसला तर सगळे शिव्या देतायत आणि हे त्याच्या खांद्यावर टकटक करून विचारतात, "भाईसाहब, आपने लाइन तोड़ी है या काटी है?" पैलवानाने मागे वळून नुसतं बघितलं. हे म्हणतात, "आराम से सोचकर बताइए."

फूलबागेचा किस्सा तर शहराच्या आमच्या अख्ख्या लष्कर भागाला माहीत आहे. फाटकाशी एक तरणा पोरगा पोरींकडे बघत उभा. मास्तर वही उघडून त्याच्याजवळ. "बेटा, लाइन मारना और लाइन देना, इसमें फ़र्क समझाओ." पोरगा घाबरून समजावू लागला, अंकल, मारता है लड़का, देती है लड़की. तेवढ्यात एका पोरीचा भाऊ आला आणि त्याने दोघांची गचांडी धरली. वय सत्तरीला टेकलेलं आणि आरोप छेडछाडीचा! मी चौकीवर धावलो. तर मास्तर हवालदारालाच विचारतायत, "साहब, ये लाइन हाज़िर में कौन सी लाइन होती है?" ज्या पोलिसाची काही चूक होते त्याला चौकीतून काढून पोलीस लाइनीत नुसतं बसवून ठेवतात, त्याला म्हणतात लाइन हाजिर. हा हवालदार चारच दिवसांपूर्वी तिथून सुटून आला होता. मला हात जोडून म्हणाला, "दादा, इनको ले जाओ. नहीं तो मैं फिर वहीं पहुँच जाऊँगा."

माझ्या तर हात धुऊन मागे. "शिर्केराव, खांबावरचा एक तरी शब्दप्रयोग द्या. तुम्ही लोक वर आपसात काय म्हणता?" मी कधी दिला नाही. उन्हात तापलेल्या खांबावर पोटाला दोर बांधून आम्ही जे शिकलो, ते यांना सावलीत बसून पाहिजे! म्हटलं, "वर या, सांगतो."

आणि एक सवय तर अशी की माझं डोकंच फिरायचं. लाइन गेली, म्हणजे वीज गेली, की हा माणूस पाच मिनिटांत आमच्या घरी. मी नोकरीत होतो तेव्हापासूनचं हे. खांबावरून उतरून घामाघूम घरी यावं, तर हे आमच्या खुर्चीत बसून चहा पितायत. मी हिला म्हणायचो, यांच्या घरी पंखा बंद झाला की आपल्या ओट्यावरची हवा खायला येतात, वर चहा. ही म्हणायची, "जाऊ द्या हो."

हिच्या दहाव्याला घाटावर कुणीतरी म्हणालं, सगळ्यांना एक दिवस याच लाइनीत उभं राहायचंय. मी मास्तरांकडे बघितलं. हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला होता. मी बघितला. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मनातून उतरला.

आठ महिने तरीही येतच राहिले. रोज चार वाजता. मी बोलायचो नाही. ते हिच्या रिकाम्या जागेकडे बघून नवा प्रयोग वाचायचे आणि जायचे. मग परवा दुपारी लाइन गेली. पाच मिनिटांत मास्तर येऊन खुर्चीत बसले.

"कशाला आलात?"

"लाइन गेली."

"मग? मला दिसत नाही?"

"नाही... सवय."

माझा तोल गेला. "मास्तर, ऐकणारी गेली. चहा करणारी गेली. माझ्या घरात आता तुमचं काय आहे? उद्यापासून ही पायरी चढू नका."

ते खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि गेले. वही खुर्चीतच राहिली. वीस वर्षांत हातातून न सुटलेली वही.

नाल्यात टाकायची म्हणून उचलली. टाकण्याआधी म्हटलं बघू तरी, माणसाने जन्म कशात घालवला. मास्तरांचं अक्षर मोठं, पाटीवरचं. मलाही वाचता आलं. पहिलं पान असं :

"लाइन गेली : १) वीज बंद झाली. २) शिर्केवहिनींच्या घरी : नवरा खांबावर चढला.

लाइन आली : १) वीज सुरू झाली. २) शिर्केवहिनींच्या घरी : नवरा जिवंत उतरला.

आज त्यांना मुलीचं पत्र वाचून दाखवायला गेलो होतो. वहिनी दारात उभ्या. बसा म्हटलं तर म्हणाल्या, लाइन आली की बसेन. दोन तास उभ्या होत्या. एकट्या माणसाने इतकं उभं राहू नये."

खांबावर काम करायचं तर आधी लाइन बंद करतात. माणूस उतरला की चालू. हे मला माहीत होतं. घरी दारात कोणी उभं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी यायचो तेव्हा ही बसलेली असायची. मी म्हणायचो, "तुझं बरं आहे, बसून असतेस."

पुढे पानंच्या पानं. "वादळ. लाइन गेली. वहिनींकडे जाऊन बसलो. चाळीस मिनिटं. लाइन आली. चहा." तेच परत. तेच परत. एका पानावर : "शिर्के रिटायर. आता लाइन गेली तरी ते घरातच. वहिनी म्हणाल्या, तरी येत जा मास्तर, सवय झालीय." आणि शेवटाकडे : "दहावा. घाटावर एक प्रयोग ऐकला. लिहिला नाही."

डोक्यावरचा पंखा फिरायला लागला होता. कधी लागला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातला जवस काढून भाजला. अर्धा करपला. तिखट मीठ टाकून कुटला, वाटीत घातला आणि वही काखेत मारून मास्तरांचं दार वाजवलं. दार उघडून ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांची पायरी चढायची परवानगी मला तरी कुठे होती!

"लिहा," मी म्हटलं.

"काय?"

"खांबावरचं. लाइन बंद केली तरी तिला लगेच हात लावायचा नाही. तारेत उरलेली असते. जमिनीला जोडलेली साखळी आधी तिच्यावर टाकायची, मग धरायची."

त्यांनी पेन्सिल शोधली. "किती वेळ उरते, शिर्केराव?"

"ते आम्ही कधी बघत बसलो नाही. साखळी टाकायचो."

"नोंद," मास्तर हळूच म्हणाले. मग चटणीत बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी असं करपू द्यायच्या नाहीत."

"मग खाऊ नका."

त्यांनी वाटी स्वतःकडे ओढली आणि पायाने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो.