लालेलाल एडिटर आणि शिक्रापूरचं फाटक

"माझा प्रोग्रॅम आज डोळे मिटून चालणार!" जस्मिननं दौंडच्या घरातच जाहीर करून टाकलं. शिक्रापूरच्या एका कारखान्यात चाचणी होती. ट्रकचा नंबर टाइप केला की प्रोग्रॅमनं तो तपासायचा आणि फाटक आपोआप उघडायचं. उघडलं, तर नोकरी पक्की!

तिचे पप्पा येशुदास, रेल्वेचे निवृत्त गेटमन. चहा पिता पिता लॅपटॉपमध्ये डोकावले आणि दचकलेच. "आगं, हे समदं लाल कशानं झालंय?"

झालं! नेमकं दुखऱ्या जागी बोट! नंबरात कुणी चुकून अवतरणचिन्ह टाइप केलं तर ते काढून टाकायला जस्मिननं एक रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं होतं. म्हणजे अक्षरं हुडकायचा साचा. त्यातलं एकटं अवतरणचिन्ह पाहून एडिटरला, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरला, वाटलं, इथून मजकूर सुरू झाला. मजकुराचा रंग लाल. मग काय, चाळिसाव्या ओळीपासून खालचा सगळा कोड लालेलाल!

"कोड बरोबर आहे, पप्पा! एडिटर बिनडोक आहे!" जस्मिनचं नाकही लाल झालं. "तीनदा तक्रार केली! साधा रंग देता येत नाही मेल्यांना!"

"पर सिग्नल लाल हाय तर..."

"सिग्नल बिघडलाय!"

"बिघडला तरी गाडी थांबिवत्यात. मग बघत बघत हळू सोडत्यात. सुसाट न्हाई सोडत."

जस्मिननं लॅपटॉप फाडकन मिटला आणि पप्पांना गाडीवर मागं बसवून निघाली.

फाटकावर मॅनेजर सतीश ढमढेरे उभेच होते. पहिला ट्रक आला. जस्मिननं नंबर टाइप केला. पडद्यावर झळकलं, 'नंबर बरोबर. या!' फाटक ढिम्म. दुसऱ्या ट्रकलाही 'या!' फाटक ढिम्मच. बघता बघता रांग हायवेवर गेली आणि हॉर्नांनी कान किटले.

एक ड्रायव्हर खाली उतरला. "ओ मॅडम, नुसतं 'या या' काय करताय? उडून येऊ का आत?"

घामाघूम जस्मिन एकेक ओळ बोटानं वाचत गेली. दोनशे बाराव्या ओळीवर बोट थबकलं. 'फाटक उघड' हीच ती ओळ! घरी कुठलं आलंय फाटक, म्हणून तिनंच पुढं दोन तिरक्या रेघा मारून ती तेवढ्यापुरती बंद केली होती. बंद ओळ एरवी करड्या रंगात उठून दिसते. इथं लालात लाल!

तोवर पप्पांनी हँडल फिरवून फाटक हातानं उघडलं होतं. ड्रायव्हरचा हिरवा टॉवेल हलवत त्यांनी दहा मिनिटांत अख्खी रांग आत घेतली.

"झालं, सर! आता बघा, आपोआप उघडतंय!" त्या दोन रेघा पुसून जस्मिन ओरडली.

ढमढेऱ्यांची नजर टॉवेलवरून हलेना. "मॅडम, सिस्टिमचं बघू नंतर कवातरी. पण हे काका सोमवारपासनं येत्याल का?"

नोकरी पक्की झाली. पप्पांची!

घरी पोचताच जस्मिननं एडिटरवाल्यांना चौथी तक्रार ठोकली : 'तुमच्यामुळं माझी नोकरी गेली!' चांगली दीड पानाची. दोनशे बाराव्या ओळीबद्दल मात्र तिच्यात अवाक्षर नव्हतं.