देवरावभाऊंच्या पायाचं कलम

देवरावभाऊ सकाळी चहाच्या आधी चाकू घेऊन अंगणात बसत आणि स्वतःच्या घोट्यावरच्या जखमेची खपली खरवडत. मी शेजारी. दात घासताना ते बघून माझा ब्रश तोंडात तसाच थांबायचा.

"भाऊ, कावून काढून राहिले?"

"डिंक्या रोग लागलेल्या झाडाची साल काढता का नाई? साफ लाकूड दिसलं पायजे. मंग वारा लागू द्या. ओल आली का खोड सडलंच समजा."

अंजनगावात त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि माणसंही त्यांना झाडंच वाटतात. जावयाबद्दल त्यांचं मत, "नुसता पाला." कलमं बांधण्यात तालुक्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असंही त्यांचंच मत. दुसऱ्याचं कलम पाहिलं की शेरा एकच: "बांधलं कसंबी." माझ्या लिंबाच्या कलमाचाही निकाल त्यांनी असाच लावला होता. पण दुसऱ्याने कलमावर बांधलेली पट्टी ते कधी सोडायचे नाहीत. त्याला ते पाप मानतात.

साखरेचा आजार होताच. जखम चिघळली, पाय सुजून लाल झाला, तेव्हा सुमनवहिनींनी नवऱ्याला माझ्या गाडीत घालून अमरावतीला नेलं. डॉक्टरीणबाई चिडल्याच. "रोज खपली काढता, मग सूज उतरेल कशी? जखमेला थोडी ओल लागते, त्या ओलीतच नवी कातडी सरकत येते. ही पट्टी आम्हीच बदलू. आता ऐकलं नाही तर पाय वाचवणं कठीण आहे."

पाय गेला की बागेतलं फिरणं संपलं, हे भाऊंना कळत होतं. पण ओल म्हटल्यावर त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. घरी येताच नख पट्टीच्या कडेखाली गेलं.

"सडून राहिलं असन आतमदी. जराकसं पायतो."

कलमं बांधायची प्लास्टिकची पट्टी आणून वहिनींनी ती दवाखान्याच्या पट्टीवरून सैलसर गुंडाळली आणि भाऊंच्याच पद्धतीची गाठ मारली.

"हे कलम माहं हाय. झाडाले डोळा बांधल्यावर तुमी रोज सोडून पायता का? आता हात लावून त पाहा!"

भाऊ गाठीकडे बघत राहिले. "बांधलं कसंबी," असं पुटपुटले. पण हात लावला नाही. दवाखान्यात पट्टी बदलली जायची आणि घरी वहिनींची गाठ बसायची.

शेवटी एकदा दवाखान्यात पट्टी निघाली आणि खाली गुलाबी कातडी कडेपासून कडेपर्यंत जुळलेली दिसली. "कलम लागलं!" भाऊ ओरडले. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "चांगलं बांधलं वं, सुमन." गाडीची किल्ली शोधायच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं.

भाऊ आता पुन्हा बागेत फिरतात. मुलगी सासरी, मुलगा पुण्यात. संध्याकाळी ओट्यावर दोघंच असतात. भाऊ पाय पुढे करतात.

"पाह्य न वं जरा."

वहिनी पाय मांडीवर घेतात. पाहण्यासारखं तिथे आता काही नाही. तरी दिवे लागेपर्यंत दोघं पाहत बसतात.